आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यातील अमली पदार्थांची तस्करी

अमली पदार्थांची तस्करी हा आंतरराष्ट्रीय करारांतून आकारास आलेला गुन्हा आहे. वंशसंहार किंवा युद्धगुन्हे यांप्रमाणे त्याचा खटला हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात चालत नाही. करारात सहभागी झालेली राष्ट्रे आपापल्या कायद्यात शिक्षेची तरतूद करतात व आपल्याच न्यायालयांत खटले चालवतात. अशा गुन्ह्यांना ‘करारजन्य गुन्हे’ असे म्हणता येईल.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अफूचा व्यापार हे ब्रिटिश भारतातील सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. बिहार व बनारसकडील अफू कलकत्त्याहून, तर माळव्यातील अफू मुख्यतः मुंबई बंदरातून चीनला जात असे. मुंबईतील काही नामांकित व्यापारी घराण्यांच्या वैभवात या व्यापाराचा वाटा होता, याचा आज सोयीस्कर विसर पडलेला दिसतो.

१९०९ च्या शांघाय आयोगानंतर १९१२ मध्ये हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. त्याचा भर व्यापाराच्या नियमनावर होता. तस्करांना कठोर शिक्षा करण्याचे बंधन १९३६ च्या जिनिव्हा करारात आले. मात्र मोजकीच राष्ट्रे त्यात सामील झाली. पुढे १९६१ व १९७१ च्या करारांनी नियंत्रणाची व्यवस्था विस्तारली.

१९८८ चा व्हिएन्ना करार

आजच्या व्यवस्थेचा कणा असलेला हा संयुक्त राष्ट्रांचा करार ११ नोव्हेंबर १९९० रोजी अमलात आला. उत्पादन, विक्री व वाहतुकीबरोबरच तस्करीचा पैसा वैध भासवणे आणि अमली पदार्थांसाठी लागणारी रसायने जाणूनबुजून पुरवणे हेही त्याने गुन्हे ठरवले. मालमत्ता जप्तीच्या कामात बँकेच्या गोपनीयतेची सबब चालत नाही. आरोपी आपला नागरिक आहे म्हणून एखाद्या राष्ट्राने त्याचे प्रत्यर्पण नाकारले, तर सामान्यतः ते प्रकरण स्वतःच्या अभियोग यंत्रणेकडे सोपवणे त्याला भाग असते. ‘नियंत्रित वितरण’ ही पद्धतही या कराराने मान्य केली. तीत माल तत्काळ न पकडता पाळत ठेवून पुढे जाऊ दिला जातो, म्हणजे हमालामागचा सूत्रधार हाती लागू शकतो. खुल्या समुद्रात परक्या जहाजाची झडती घ्यायची झाल्यास मात्र ते जहाज ज्या राष्ट्राचा ध्वज लावते त्याची अनुमती लागते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा प्रश्न

१९८९ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगोचे पंतप्रधान आर्थर रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने अशा न्यायालयाची मागणी संयुक्त राष्ट्रांत पुन्हा मांडली गेली. बलाढ्य तस्कर टोळ्यांपुढे लहान राष्ट्रांची न्याययंत्रणा अपुरी पडते, ही त्यामागची चिंता होती. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या १९९४ च्या मसुद्यात व्हिएन्ना करारातील गुन्ह्यांचा समावेशही होता. परंतु १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे संविधी संमत झाली, तेव्हा त्यात वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व आक्रमण एवढेच गुन्हे राहिले. खटल्यांच्या संख्येने न्यायालय कोलमडेल आणि गुप्त तपास राष्ट्रीय यंत्रणांनाच अधिक साधतो, असे आक्षेप घेण्यात आले होते. ज्या तक्रारीने चर्चेला चालना दिली तीच बाहेर राहिली! विषयाचा पुढे विचार व्हावा असा ठराव परिषदेने केला. पण २०१० च्या कंपाला परिषदेतही तस्करीला स्थान मिळाले नाही. भारत या न्यायालयाचा सदस्य नाही.

शिक्षा आणि मानवी हक्क

नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जेथे देहदंड कायम आहे तेथे तो केवळ ‘सर्वांत गंभीर’ गुन्ह्यांनाच देता येतो. अमली पदार्थांचे गुन्हे त्यांत मोडत नाहीत, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये नमूद केले. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात १९८९ साली काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी अनिवार्य देहदंड घालण्यात आला होता. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अनिवार्यता घटनाबाह्य ठरवली. २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यातही देहदंड ऐच्छिक झाला.

तस्करीविरोधी मोहिमेतील हत्या मात्र हेगच्या न्यायालयाच्या कक्षेत येऊ शकतात. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या आरोपाखाली अटक करून तेथे नेण्यात आले. फिलिपिन्स २०१९ मध्येच या न्यायालयातून बाहेर पडले असले, तरी प्रकरण त्या देशाच्या सदस्यत्वाच्या काळातील घटनांचे आहे.