‘परवा’ म्हणजे नक्की कधी?

गैरसमज : मराठी लिहिली जाते तशीच बोलली जाते.

‘वासराला चारा चार’ आणि ‘वासरं चार’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यातला ‘चार’ म्हणताना जीभ दातांमागे जाते, दुसऱ्यातला म्हणताना टाळूला लागते. ‘सारं जग’ आणि ‘पाण्याचा जग’ यांचंही तेच. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, अक्षर मात्र एकेकच. मराठी घरात वाढलेल्याला हे जाणवतही नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला विचारा.

गैरसमज : १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी घोळ केला.

‘नांव’वरचं टिंब गेलं आणि माणसाचं नाव नि पाण्यातली नाव एक झाली, ही तक्रार अजून ऐकू येते. पण ते नाव वेगळं, ती नाव वेगळी. लिंग बदललं की सामान्यरूपही बदलतं. ‘नावाला’ म्हटलं की होडी कुणाच्या डोक्यात येत नाही, तिच्यासाठी ‘नावेला’ आहे. माळावर गुरं चरतात, माळेत मणी ओवतात. तो हार जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो, ती हार दुसऱ्याच्या पदरी येते. या सगळ्यांत माझा आवडता शब्द ‘वेळ’. जेवायची वेळ होते ती स्त्रीलिंगी, जेवायला वेळ लागतो तो पुल्लिंगी. म्हणून ‘वेळेवर आला’ हे कौतुक आणि ‘वेळाने आला’ ही कुरकुर! एका मात्रेवर अर्थ उलटा होतो, तरी कुणी चुकत नाही. टिंबाची हळहळ मला तरी फुकाची वाटते.

गैरसमज : एकाच शब्दाचे उलटे अर्थ ही परभाषांची खोड.

हिंदीतल्या ‘कल’ला आपण हसतो. तो कालही आणि उद्याही! आपला ‘परवा’ तरी काय वेगळा? होऊन गेलेला दिवसही तोच, यायचा दिवसही तोच. ‘तेरवा’ त्याचाच भाऊ. ‘वाढवणं’ घ्या. पगार वाढवला तर भर पडते, पण नारळ वाढवला तर फुटतो आणि बांगडी वाढवली म्हणजे तीही फुटलेलीच असते. फुटणं-तुटणं तोंडाने म्हणायचं नाही, म्हणून ही पळवाट. निघताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला घरातलं वडीलधारं माणूस ‘येतो म्हणावं’ असं दटावतं, तेही याच भीतीपोटी.

‘परवा’चा गुंता एरवी क्रियापद सोडवतं. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’ यांत कुणी गोंधळत नाही. पण ‘परवाच्या बैठकीचे कागद पाठवा’ असा निरोप आला तर बैठक झालेली की व्हायची? तिथे व्याकरणही हात टेकतं. तेव्हा निरोप लिहिताना ‘परवा’ नको, सरळ तारीख घाला.