फाइलीला नाव देताना
डहाणू-तलासरीच्या पाड्यांतली वारली चित्रे गेममध्ये न्यायची, तर तारपावादक, झाडे, लग्नाचा चौक अशी एकेक आकृती सुटी करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी लागते. तिथे ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावे चालत नाहीत. अनरीअल इंजिनवर काम करणारे टेक्श्चरच्या नावाआधी ‘टी’, स्टॅटिक मेशच्या नावाआधी ‘एसएम’ लावतात. पुढे विषय आणि क्रमांक, म्हणजे ‘टी_तारपावादक_०२’. शून्य गाळलेत, तर अनेक प्रोग्रॅममध्ये १० हा २ च्या आधी लागतो. नाव रोमन लिपीत असेल, तर कॅपिटल-स्मॉलचा नियमही ठरवून घ्या. लिनक्सला ती अक्षरे वेगळी वाटतात. नवोदितांकडून हे पहिल्याच दिवशी गिरवून घ्यावे. शिवाय प्रत्येक फाइलीच्या नोंदीत चित्रकाराचे नाव आणि गाव हवेच हवे. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवासिनींची नावे फारशी कुणी टिपली नाहीत.