26/11 नंतरचे वर्ष आणि कोळ्यांविषयीचे गैरसमज

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून बधवार पार्कच्या मच्छीमार नगरात उतरले आणि पुढचे वर्ष मुंबईसाठी मोठ्या उलथापालथीचे ठरले. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना पदे सोडावी लागली. 8 डिसेंबरला अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि महिना सरता सरता राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा आला. जनतेने हल्ल्याचा राग मतपेटीतून काढला, असे आजही सांगितले जाते. प्रत्यक्षात मे 2009 च्या लोकसभा निकालात मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेस आघाडीनेच जिंकल्या, ऑक्टोबरात विधानसभाही राखली आणि आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले. मात्र याच वर्षात रुजलेला दुसरा एक समज अधिक घातक आहे. दहशतवादी मासेमारी बोटीने आले, म्हणून पहिला संशय मच्छीमारावर, असा तो समज. मढ, भाटी, वर्सोवा इथल्या कोळीवाड्यांना तो सतत सोसावा लागतो, म्हणून तो पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहायला हवा.

ज्या ‘कुबेर’ ट्रॉलरने हल्लेखोर मुंबईजवळ आले, ती पोरबंदरची नोंदणीकृत बोट होती. ती पळवली गेली, तिच्यावरचे खलाशी मारले गेले आणि मुंबईपर्यंत वाट दाखवायला लावलेल्या तांडेलाचाही शेवटी खून झाला. म्हणजे या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते. बधवार पार्कला उतरलेल्या अनोळखी तरुणांना ‘तुम्ही कोण’ असे पहिल्यांदा हटकले तेही तिथल्या कोळ्यांनीच. त्यांनी पोलिसांना कळवूनही वेळेत हालचाल झाली नाही, असे तेव्हाच्या बातम्यांत नोंदले गेले आहे. पाहणारे डोळे होते. त्यांनी दिलेली खबर पुढे सरकली नाही.

आणखी एक समज असा की 26/11 आधी किनाऱ्यासाठी काहीच नव्हते आणि नंतर सगळे झाले. यातली दोन्ही टोके चुकीची आहेत. 1993 मध्ये रायगडमधल्या शेखाडीला आरडीएक्स उतरले, त्याच वर्षी ‘ऑपरेशन स्वान’ ही किनारी गस्त सुरू झाली. 2005 मध्ये केंद्राने सागरी पोलीस ठाणी आणि 204 बोटी देणारी किनारा सुरक्षा योजना मंजूर केली, पण त्या बोटी मिळायला लागल्या 2009 मध्ये, हल्ला होऊन गेल्यावर. फेब्रुवारी 2009 मध्ये सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याची तटरक्षक दलाकडे आली. हे मोठे पाऊल होते. तरीही ओमानजवळ सोडून दिलेले ‘पवित’ हे सुमारे हजार टनी निर्मनुष्य जहाज 31 जुलै 2011 रोजी वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले आणि तोवर कोणाच्याच ध्यानात आले नाही. तेव्हा पावसाळी मासेमारी बंदी होती, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. एवढ्यावरून सगळे सिद्ध होत नाही, पण कोळी समुद्रात नसला की पाणी किती आंधळे होते याचा अंदाज येतो.

यावर रास्त आक्षेप असा, की मासेमारी बोटच वापरली गेली, मग ओळखपत्र, नोंदणी, बोटींचे रंग यांची सक्ती चुकीची कशी? ती चुकीची नाहीच, पण ती अपुरी आहे. ‘कुबेर’ची नोंदणी खरी होती, वरची माणसे खोटी होती. ओळखपत्रही कोणी थांबवून पाहिले तरच उपयोगी. मढशेजारी नौदलाचा ‘हमला’ हा तळ आहे, मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, म्हणून इथला किनारा राखलेलाच आहे, असेही म्हटले जाते. पण ‘हमला’चे मुख्य काम रसदव्यवस्थेचे प्रशिक्षण देणे आहे, खाडीच्या तोंडाशी पहारा करणे नव्हे. त्या पाण्यावर नेहमी जातो तो डोलकर. डोल हे त्याचे जाळे ठरल्या जागी बांधलेले असते, भरती-ओहोटीच्या ओढीने भरते. त्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा त्याच जागी यावे लागते. कोणता बोया कोणाचा, कोणत्या होडीचा आवाज कसा, हे त्याला अंधारातही कळते. परकी होडी त्याला आधी खटकते.

म्हणून किनारा राखायचा तर या माणसाला चौकशीच्या रांगेत उभे करून भागणार नाही. त्याने फोन केला तर तो उचलला जावा, खबर दिल्याबद्दल त्याचा दिवस ठाण्यात वाया जाऊ नये आणि पुढे काय झाले ते त्याला कळावे. यासाठी नवी बोट लागत नाही, विश्वास लागतो. 2008 च्या त्या रात्री नेमका तोच कमी पडला.