मोटारीतील विजेची गळती

रात्री सुस्थितीत उभी करून ठेवलेली जुनी मोटार सकाळी सुरूच होऊ नये, हा अनुभव अनेक कुटुंबांना परिचित आहे. रुग्णास इस्पितळात न्यावयाचे असल्यास हा विलंब जिवावरही बेतू शकतो. अशा वेळी सारा दोष बॅटरीच्या माथी मारून नवी बॅटरी आणली जाते, आणि चार दिवसांत तीही निष्प्राण होते. म्हणून शिक्षेपूर्वी चौकशी करणे इष्ट.

शिसे व गंधकाम्ल यांच्या साहाय्याने वीज साठविणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. मोटारीच्या बॅटरीत असे सहा घट असून त्यांचा एकत्रित दाब सुमारे १२ व्होल्ट असतो. ४० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी म्हणजे जणू भरलेला रांजणच. त्यास बारीक छिद्र पडले तर? डिकीतील ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. ४० ला ०.४ ने भागा : १०० तास! चार दिवसांत रांजण कोरडा. स्टार्टरला तर एकदम शंभराहून अधिक अँपिअर लागू शकतात. त्यामुळे मोटार त्यापूर्वीच अडून बसते.

चौकशीचा क्रम असा. प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची ऋण तार रात्रभर सोडून ठेवावी. सकाळी तार जोडताच मोटार नेहमीप्रमाणे सुरू झाली, तर बॅटरी निर्दोष. गळती अन्यत्र आहे.

नंतर मोजमाप. किल्ली काढून, डिकी लावून, दिवे बंद करून, बॅटरीचे ऋण अग्र व सोडलेली तार यांच्यामध्ये १० अँपिअरपर्यंत मोजणारा मीटर जोडावा. मीटर जोडलेला असता मोटार सुरू करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. घड्याळ, रेडिओ यांना लागणारा ०.०५ अँपिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य होय. त्याहून बराच अधिक असल्यास ती गळती समजावी.

आता एकेक फ्यूज काढावा व पाहून परत बसवावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा उतरेल, त्याच शाखेत चोर दडलेला आहे. कोणत्याही फ्यूजने आकडा न उतरल्यास आल्टर्नेटर तपासून घ्यावा. त्यातील डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतात. ते बिघडले की बॅटरीतील वीज उलट वाहू लागते, आणि पुष्कळ जुन्या मोटारींत हा मार्ग फ्यूजच्या पेटीतून जात नाही.

विद्यार्थी मित्रहो, हे काम वडीलधाऱ्यांच्या समवेतच करावे. हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. चार्ज होताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. म्हणून जवळ ज्योत नसावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा प्रयोगशाळेतील नियम घरच्या अंगणातही तितकाच उपयोगी पडतो.