बोली बंगाली, म्हणून बाई बांगलादेशी?

२०२५ च्या जुलैमध्ये गुरुग्रामच्या उंच उंच सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका अचानक यायच्या बंद झाल्या. कचरा उचलायलाही कुणी येईना. कारण होतं पोलिसांची मोहीम. बांगलादेशी घुसखोर शोधण्यासाठी बंगाली बोलणाऱ्या मजुरांना उचलून सामुदायिक केंद्रांमध्ये ठेवलं जात होतं. त्यातले बरेचजण पश्चिम बंगाल आणि आसामचे, म्हणजे आपल्याच देशाचे. भीतीने कित्येक कुटुंबं झोपडीला कुलूप लावून गावी निघून गेली. मॅडमना बाईची किंमत कळली ती अशी!

घुसखोरी रोखणं हे सरकारचं काम आहे, यात वाद नाही. पण घुसखोर कोण, हे ठरवायचं कशावरून? ज्या भाषेत आपलं राष्ट्रगीत लिहिलं गेलं, ती भाषा बोलण्यावरून?

दिल्लीच्या रोहिणी भागात भंगार-कचरा वेचून पोट भरणाऱ्या, बीरभूम जिल्ह्यातल्या एका गरोदर स्त्रीला जून २०२५ मध्ये नवरा आणि ८ वर्षांच्या मुलासह पकडण्यात आलं. काही दिवसांतच तिघांना सीमेपलीकडे पाठवलं गेलं. तिथे बेकायदा घुसल्याबद्दल त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं. इथे परदेशी आणि तिथेही परदेशी! गृह मंत्रालयाच्या मे महिन्यातल्या सूचनांप्रमाणे संशयिताच्या मूळ राज्याकडून चौकशी व्हायला हवी होती आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत होती. इथे तेवढा धीर कुणाला होता?

तिचे वडील कोर्टात गेले. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी रद्द केली आणि ४ आठवड्यांत परत आणा, असं सांगितलं. तरीही ती मुलासह परतली ती थेट डिसेंबरमध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते आणि नवरा अजून पलीकडेच होता.

हे फक्त दिल्लीतच घडतं, असं समजू नका. त्याच जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या काही बंगाली मजुरांनाही सीमेपलीकडे ढकललं गेलं होतं आणि पश्चिम बंगाल सरकारने कागदपत्रं पुढे केल्यावर परत आणावं लागलं होतं.

आता समजा, पकडलेला माणूस खरोखरच परदेशी निघाला, तर? देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने फक्त नागरिकांना दिला आहे. त्यामुळे परदेशी माणसाला परत पाठवता येतं. पण समानतेचं कलम १४ आणि जीविताचं कलम २१ यांत शब्द 'नागरिक' नसून 'व्यक्ती' असा आहे. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. म्हणजे पाठवा, पण कायद्याच्या मार्गाने.

मुलांचं काय? दिल्लीत राहणाऱ्या रोहिंग्या मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला. मुलांनी सरकारी शाळांकडे अर्ज करावा, प्रवेश नाकारला तर उच्च न्यायालयात जावं, असं कोर्टाने सांगितलं. आईबापांच्या कागदांचा वाद चालू असताना पोराने पाटी का सोडावी?

खरी मेख कायद्यातच आहे. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच टाकलेली आहे. १९४६ च्या कायद्यातली ही तरतूद १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. आणि आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा धरलं जात नाही. पुरात घर वाहून गेलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने जन्मदाखला आणायचा तरी कुठून?

म्हणून तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला एवढं जरूर सांगा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांचं मतदार यादीतलं नाव, जमिनीचा कागद, जे असेल त्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि एक संच गावी नातेवाइकांकडे दे. अटक झाली तर कारण विचारण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहण्याचा हक्क तिला आहे. महिलांना आणि कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर आहे १५१००. तिच्याकडे स्मार्टफोन नसेल, तर कागदावर लिहून द्या.