मागच्याला दिसणारा दिवा

सारा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें मोटारसायकलच्या दिव्याची उठाठेव कां करावी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर आरंभींच देतों. एक न्याय मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला; त्याचा खरा अर्थ मात्र सेवानिवृत्त झाल्यावर, वैरागच्या रस्त्यावर, एका काळोख्या रात्रीं मला कळला.

गोष्ट गेल्या मार्गशीर्षांतली. सोलापुरास भाचीचें लग्न आटोपून आम्ही घरचीं सारीं माणसें भाड्याच्या जीपनें बार्शीस परत निघालों. जीपमध्यें जागा अपुरी, म्हणून एक मोठी वळकटी व दोन पिशव्या पुतण्याच्या मोटारसायकलवर मागें लादल्या. वळकटी वाटेंत घसरूं नये म्हणून ती मीं स्वतः दोरीनें आवळून बांधली, आणि "आतां बार्शीपर्यंत हालायची नाहीं" असें मोठ्या अभिमानानें म्हटलें. पुतण्या पुढें गेला. आम्ही थोड्या वेळानें निघालों.

वैराग मागें पडल्यावर समोरून एक ट्रक आला. आमच्या ड्रायव्हरनें रीतीप्रमाणें दिव्याचा झोत खालीं केला. ट्रक जातो न जातो तोंच त्यानें एकदम ब्रेक दाबला व आम्ही सारे पुढें आदळलों. जीपच्या तोंडापुढें अवघ्या चार-पांच हातांवर एक काळा गठ्ठा हालत होता. ती माझीच वळकटी! पुढें उसाची ट्रॉली सावकाश चालली होती, म्हणून पुतण्यानें वेग कमी केला होता. गाड्या कडेला घेतल्यावर ड्रायव्हर खालीं उतरून पाहूं लागला आणि मला म्हणाला, "गुरुजी, दिवा चालू आहे, पण तो तुमच्या गादीखालीं गेलाय. मला ना गाडी दिसली, ना माणूस." पुतण्याची आई जीपमध्यें माझ्या मागेंच बसली होती. ती एक शब्दही बोलली नाहीं. तें न बोलणेंच मला अधिक लागलें.

संस्कृतांत घटप्रदीपन्याय प्रसिद्ध आहे. घड्याच्या आंत ठेवलेला दिवा घड्यापुरताच उजेड देतो. त्याच्या उलट देहलीदीपन्याय. उंबरठ्यावरचा दिवा घर व अंगण दोन्ही उजळतो. मोटारसायकलचा पुढचा दिवा आपण पाहावें म्हणून असतो, मागचा आपण दिसावें म्हणून. मागचा दिवा झांकला गेला तरी स्वाराला कांहींच उणें भासत नाहीं, त्याचा रस्ता पूर्वींइतकाच उजळलेला असतो. आणि म्हणूनच ही चूक त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

बार्शीकरांना तरी हें नवें वाटूं नये. १८९७ सालीं सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीनें आमच्या कित्येक पिढ्यांनीं प्रवास केला. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला रात्रीं तांबडा दिवा असतो व तो पाहूनच गाडी संपूर्ण आल्याची खात्री करून घेतात. डब्यांत माल कितीही भरला तरी तो दिवा कोणी झांकीत नाहीं.

आतां थोडें अंकगणित पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जातें. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यांत २५ मीटर गेले. पुढें कोरड्या रस्त्यावर वाहन उभें राहण्यास आणखी तितकेच, किंबहुना थोडे अधिक मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरांहून अधिक अंतर झालें. परंतु खालीं केलेल्या झोतांत काळसर गठ्ठा पुष्कळदां याच्या निम्म्या अंतरावर आल्यावरच दिसतो. तेव्हां ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी तो काय करणार?

यावर स्वस्त उपाय म्हणजे चमकणारी पट्टी. आपल्याकडे सर्वजण तिला 'रेडियम' म्हणतात. पण हें नांव फसवें आहे. रेडियमचा शोध क्यूरी दांपत्यानें १८९८ सालीं लावला. त्याचा लेप पूर्वीं घड्याळांच्या कांट्यांना देत व ते अंधारांत आपोआप चमकत. या पट्टींत रेडियमचा कणही नसतो आणि ती स्वतः चमकतही नाहीं. आरशावर तिरपा पडलेला प्रकाश दुसरीकडे निघून जातो. पांढऱ्या धोतरावर पडलेला चोहोंकडे विखुरतो. या पट्टींतील कांचेचे अतिसूक्ष्म मणी, किंवा पेटीच्या आंतल्या कोपऱ्यासारखे बारीक कोन, तो जेथून आला तेथेंच परत पाठवितात. म्हणून मागून येणाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश त्याच्याच डोळ्यांकडे परततो आणि गठ्ठा दुरूनच दिसतो. मांजराचे किंवा बैलाचे डोळे रात्रीं चमकतात ते डोळ्याच्या पडद्यामागील चकचकीत थरामुळें. इंग्लंडांत हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यानें १९३४ सालीं रस्त्यांत बसविण्याच्या कांचेच्या खुणांचें पेटंट घेतलें. त्यांनाही 'मांजराचे डोळे' असेंच नांव पडलें. उसाची बैलगाडी समोरून आली तर निदान बैलांचे डोळे चमकतात. मागून पाहणाऱ्यास मात्र काळोखच दिसतो. त्या गाडीच्या मागेंही ही पट्टी हवी.

मोटारसायकलच्या मागें तांबडा दिवा व तांबडा परावर्तक असावा, असें केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा तर इंजिनाबरोबर आपोआप लागतो. पण मागच्या दिव्यावर आपणच वळकटी टाकली, तर नियमानें काय करावें?

म्हणून कांहीं गोष्टी सांगतों. सामान असें बांधावें कीं मागचा दिवा, वळण दाखविणारे दोन्ही दिवे व नंबराची पाटी मोकळी राहील. सामानाच्या मागच्या बाजूस तांबडी पट्टी व दोन्ही बगलांस पिंवळी लावावी. पट्टी मध्यभागीं एकच न लावतां दोन्ही टोकांस लावावी, म्हणजे ओझें किती रुंद आहे तें मागच्यास कळतें. पत्र्याच्या पेटीवर किंवा दुधाच्या कॅनवर ती चिकटते; कापडी गठ्ठ्यावर टिकत नाहीं, म्हणून कापडी पट्ट्यावर शिवून तो पट्टा गठ्ठ्याभोंवतीं बांधावा. धूळ-चिखल बसल्यास पट्टी आंधळी होते. ती ओल्या फडक्यानें पुसावी. मागून कोणाचा प्रकाश पडला तरच ती चमकते, म्हणून जेथें ओझें दिवा झांकणारच तेथें सेलवर चालणारा तांबडा दिवा ओझ्याच्या मागें अडकवावा. तो तांबडाच हवा. मागें पांढरा दिवा लावल्यास गाडी समोरून येत आहे असा भ्रम होतो.

आमच्या घरीं पुतण्याच्या आईनें असे दोन पट्टे शिवले आहेत. ते गाडीच्या किल्लीशेजारींच खुंटीवर टांगलेले असतात. दिवेलागणीनंतर ओझें घेऊन कोणी निघाला, कीं माझा धाकटा नातू विजेरी डोळ्यांजवळ धरून गाडीमागें वीस पावलांवर उभा राहतो. "दिसतं, आजोबा!" अशी त्याची आरोळी आल्याशिवाय आमच्या दारांतून गाडी हालत नाहीं.