वाट जाणणारा तोफगोळा

धनुष्यातून सुटलेला बाण आणि मुखातून निघालेला शब्द परत येत नाही, असे म्हणतात. तोफेतून सुटलेल्या गोळ्यालाही हाच नियम कित्येक शतके लागू होता. गोलंदाज तोफेचे तोंड योग्य दिशेला वळवी, नळीला योग्य तो कोन देई आणि बत्ती देई. त्यानंतर मात्र गोळ्यावर त्याची काहीच सत्ता उरत नसे. वाऱ्याचा झोत, हवेची उष्णता, नळीची झीज अशा लहानसहान कारणांनी गोळा आपली वाट सोडी. वीस-पंचवीस किलोमीटरांच्या पल्ल्यावर साधा गोळा लक्ष्यापासून शंभर-दोनशे मीटर दूर पडणे, ही आजही नवलाची गोष्ट नाही. कागदावर हे अंतर क्षुल्लक वाटते. परंतु शत्रूच्या ठाण्याजवळच एखादे गाव असेल, तर तेच अंतर निरपराध माणसांच्या जिवावर बेतते.

ही उणीव दूर करण्यासाठी अमेरिका व स्वीडन या देशांतील तंत्रज्ञांनी एक नवा गोळा घडविला. राजा आर्थरच्या कथेतील तलवारीवरून त्याला 'एक्सकॅलिबर' हे नाव देण्यात आले. १५५ मिलिमीटर व्यासाच्या तोफेतून उडणारा हा गोळा सुमारे एक मीटर लांब असून त्याचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर आहे. २००७ मध्ये इराकमधील युद्धात तो वापरण्यात आला. २०१९ मध्ये भारतीय सैन्यानेही असे गोळे घेतले.

गोळा डागण्यापूर्वी लक्ष्याचे अक्षांश व रेखांश त्याच्या स्मरणयंत्रात भरतात. तोफ उडताच त्याला इतका जबर हिसका बसतो, की आतील नाजूक यंत्रांवर त्यांच्या वजनाच्या हजारो पट भार येतो. तो सोसूनही ही यंत्रे शाबूत राहतात, हेच या रचनेतील मोठे कौशल्य होय. पुढे गोळ्याचे लहान पंख उघडतात आणि त्याचा ग्राहक, म्हणजे लहरी टिपणारे यंत्र, आकाशातील उपग्रहांचे संदेश घेऊ लागतो.

हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अत्यंत अचूक असे अणुघड्याळ असते. संदेश केव्हा निघाला, हे त्या संदेशातच नमूद केलेले असते. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातात. म्हणून संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून उपग्रहाचे अंतर काढता येते. अशी चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की गोळ्याला आपले स्थान कळते. मग तो पंख किंचित वळवून आपली वाट सुधारतो आणि लक्ष्याच्या काही मीटरांच्या आत येऊन पडतो.

तथापि या गोळ्यालाही मर्यादा आहेत. इतक्या दुरून येणाऱ्या लहरी फार क्षीण असतात. जत्रेच्या गोंगाटात हळू बोललेला शब्द ऐकू येऊ नये, त्याप्रमाणे शत्रूने प्रबळ रेडिओलहरी सोडल्यास त्या बुडून जातात. २०२२ मध्ये भडकलेल्या युक्रेनमधील युद्धात रशियाने हाच उपाय योजला, तेव्हा या गोळ्यांची अचूकता पुष्कळ घटली.

दुसरी मर्यादा याहूनही गंभीर आहे. ७ मे १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या विमानाने बेलग्रेड शहरावर पाच बाँब टाकले. ते तोफगोळे नव्हते. पण उपग्रहांच्याच साह्याने वाट शोधणारे होते. त्यांना दिलेल्या स्थळी ते बरोबर पोहोचले. परंतु ती इमारत चीनचा राजदूतावास होती. तीत तीन चिनी पत्रकार मृत्युमुखी पडले. लक्ष्याचे स्थान ठरविताना चूक झाली, असा खुलासा अमेरिकेने पुढे केला. यंत्राचा नेम चुकला नव्हता. त्याला दिलेली माहिती चुकीची होती.

साधा गोळा भलतीकडे पडला, तर वाऱ्याला बोल लावता येई. वाट जाणणाऱ्या गोळ्याच्या बाबतीत ती सबब फारशी उरत नाही. त्याला अक्षांश व रेखांश कळतात. त्या जागी शत्रूचे ठाणे आहे की शाळा, हे मात्र त्याला कळत नाही. ते जाणून घेण्याचे काम माणसाचेच आहे, आणि शस्त्र जितके अचूक, तितकी ही जबाबदारी अधिक मोठी.